‘ती मारती,’ म्हणायचीस तू

गंगव्वा, काल तुझी शोकसभा झाली. तुला आवडली नसती. पुढे पुरुषांना खुर्च्या, मागे बायकांना सतरंजी, आणि सतरंजी अशी की तू ती आधी झाडली असतीस आणि मगच आम्हाला बसू दिलं असतंस. तुझा फोटो कोणाकडेच नव्हता. शेवटी बोळातल्या कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून तुला कापून मोठं केलं. त्यामुळे तुझ्या खांद्यावर दुसऱ्याच एका बाईची बोटं राहून गेली आहेत. हार घातल्यावर ती झाकली. तेवढं काम हाराने केलं.

गिरणीतले पुढारी बोलले. ‘भगिनी गंगूबाई’ म्हणाले. गंगव्वा म्हणायला या गावात कोणाची जीभ अडत नाही, निम्मा बाजार कानडीत चालतो. पण व्यासपीठावर गंगूबाई बरी दिसते. ‘दारूने आणखी एका भगिनीचा बळी घेतला,’ असं ते म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे त्यांच्याही उशिरा ध्यानात आलं. सभेच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर देशी दारूचं दुकान आहे. त्यावर ‘सरकारमान्य’ अशी ठळक पाटी आहे. आपल्या बोळातल्या नळाला सरकारने अजून मान्यता दिलेली नाही.

मग पुढच्या रांगेतून तुझे मालक उठले. तू नवऱ्याला मालकच म्हणायचीस. डोक्याला टॉवेल, दाढी वाढलेली. पुढाऱ्यांनी हाताला धरून वर नेलं. हातावर बेल आणि भंडारा ठेवून त्यांनी शपथ घेतली की आता थेंबाला शिवणार नाही. ‘माज्या हातनं न्हाई झालं वो,’ ते म्हणाले, ‘तिनं केलं. दारूनं केलं.’ आणि ढसाढसा रडले. पुढाऱ्यांनी तुझ्या फोटोला घालून उरलेला हार त्यांच्या गळ्यात घातला. सतरंजीवरच्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावला. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. माणूस खरं रडत खोटं बोलू शकतो.

मी मागे बसले होते आणि माझ्या अंगावर काटा आला तो त्या वाक्याने. कारण ते वाक्य तुझं होतं.

तुला आठवतं? बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही दोघं मैंदर्गी सोडून इथं आलात, माझ्या भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत. त्यांना गिरणीत काम मिळालं. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी, एकटी, पुस्तकांच्या ढिगात राहणारी बाई. तू कानडी घरातली, सासरची मराठी नुकती कुठे तोंडात बसत असलेली. तुझ्या मराठीत पाणी आली, भाकरी झाला, मांजर गेला. एकदा संध्याकाळी पलीकडे भांडी आपटल्याचे आवाज आले, आणि नंतर तू माझ्याकडे हळद मागायला आलीस. हळद कशाला ते कपाळावर दिसत होतं. मी विचारलं तर म्हणालीस, ‘काय न्हाय बाई, दारू आला.’

आणि माझ्यातली शिक्षिका आधी जागी झाली. ‘आला नाही, आली,’ मी म्हणाले. ‘दारू स्त्रीलिंगी.’

तू हळदीची पुडी हातात धरून थांबलीस. ‘बाई हाय व्हय ती?’

‘हो.’

‘तरीच,’ म्हणालीस तू, आणि त्या फुटक्या कपाळाने इतकी हसलीस की मलाही हसू आवरेना. ‘आमच्यात वस्तूला बाई न्हाय, बाप्या न्हाय. दगुड काय, दारू काय, सगळं ‘अदु’. ते. तुमच्यात बरं हाय. निदान कोन मारतंय ते तरी कळतं की.’

त्या दिवसापासून तू तिला ‘ती’ म्हणायला लागलीस. ‘आज ती येनार, पगार झालाय.’ ‘काल ती लई येळ बसली.’ जणू घरात सवत आणलेली. ‘मारत कोण?’ असं मी विचारलं की ठरलेलं उत्तर: ‘ती मारती. मालक देव मानूस हाय. ती आली की त्यांचं काय चालत न्हाय.’

आपलं भांडण तिथेच सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही, गंगव्वा. तू गेलीस म्हणून मी ते सोडणार नाही.

मी म्हणायची, ‘पिऊन येताना वाटेत मुकादमाचं घर लागतं. ती मुकादमाला कशी मारत नाही?’

‘मुकादम अंगानं दांडगा हाय की,’ तू म्हणायचीस.

‘म्हणजे तिला माणसं ओळखता येतात.’

‘बाई, तुमी लई वाचता,’ असं म्हणून तू विषय बदलायचीस. पण एकदा तूच बोलता बोलता सांगून गेलीस. मारायच्या आधी मालक मनगटावरचं घड्याळ काढतात आणि खुंटीला अडकवतात. का, तर काच फुटेल. तू हे कौतुकाने सांगितलंस, माणूस किती नीटनेटका आहे अशा सुरात. मी म्हणाले, ‘मग घड्याळ तीच काढत असेल.’ तू ताट तसंच टाकून उठलीस. पुढे बरेच दिवस माझ्याकडे फिरकली नाहीस. मला ते दिवस फार लांब गेले. तुझ्या शेंगाचटणीवाचून भाकरी घशाखाली उतरेना, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू लगेच एक वाटी धाडली असतीस आणि माझा राग फुकट गेला असता.

मला टायफॉइड झाला तेव्हा तूच होतीस. शाळेने शुभेच्छा पाठवल्या, तू कांजी केलीस. माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवता ठेवता पुस्तकांच्या कपाटाकडे बघून म्हणालीस, ‘एवढं वाचून तुमाला मानूस कळलं का?’ मी फडकं डोळ्यांवर ओढून घेतलं. तुझं म्हणणं सगळं चुकीचं होतं असंही मी म्हणत नाही. पगाराच्या आठवड्यात भिंतीपलीकडून जे ऐकू यायचं ते महिनाअखेरीला यायचं नाही. पिण्याने हात सैल होतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी फक्त एवढंच म्हणत होते की सैल झालेला हात कोणाचा तरी असतो.

त्या आजारपणातच मी तुझ्याकडून कानडी शिकायला लागले. ‘तुमचं कानडी म्हंजी भाकरीतला खडा,’ असं तू सगळ्या बोळाला सांगत फिरलीस. मी सवयीने क्रियापदाची रूपं मागितली. तू क्रियापद निवडलंस ते ‘मारणे’. दुसरं कुठलंही चाललं असतं. ‘‘होडीतु’ म्हंजी ते मारलं, वस्तूनं. ‘होडदा’ म्हंजी त्यानं मारलं, ऐऱ्यागैऱ्यानं. मोठ्या मानसानं मारलं की ‘होडदरु’. मालकाला ‘होडदरु’ म्हनायचं, ध्येनात ठेवा.’

‘मारणाऱ्यालाही मान?’

‘मग? मालक न्हाईत का?’

तुझा मान असा पक्का होता की त्यांचं नाव कधी तुझ्या तोंडून आलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोळातल्या सगळ्या बायकांनी तुला घेरलं. ‘घे की नाव! गंगव्वा, नाव घेतल्याबिगर वाण न्हाय मिळायचं!’ शेजारची भागूबाई तर तुझा हातच सोडेना. बाकीच्यांनी उखाण्यात आपापल्या नवऱ्यांना चांदीच्या ताटापासून सोन्याच्या झुल्यापर्यंत कुठे कुठे बसवलं. त्यातल्या एकाकडेही धड सायकल नव्हती. तू तोंडावर पदर घेतलास आणि मान हलवत राहिलीस. नंतर मला हळूच म्हणालीस, ‘नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी हुतं म्हनत्यात.’ मी म्हणाले, ‘मग घेऊन टाक.’ तू माझ्या पाठीत अशी चापट मारलीस की माझा चष्मा पडला. मग दोघीही बराच वेळ हसत होतो. तुझ्या हातचा एवढा एकच मार मी खाल्ला.

आणि तुझा श्रावण. आषाढ संपत आला की तुझा चेहरा बदलायचा. मालक श्रावण पाळायचे; महिनाभर पिणं बंद, सोमवारी सिद्धेश्वराला जाणं, एक वेळ जेवण. ‘आता महिनाभर ती येत न्हाय,’ म्हणून तू घर सारवून घ्यायचीस, भिंतीला चुना द्यायचीस, माझ्याकडून जुनी मासिकं नेऊन फळीवर अंथरायचीस. बाकीच्या बायका दिवाळीची वाट बघतात, तू श्रावणाची बघायचीस. मी देवाधर्माकडे जरा लांबूनच बघणारी, पण तुझ्या श्रावणापुढे मीही गप्प बसायचे. बारा महिन्यांत एक तरी महिना माणसाला माहेर असावं.

या वर्षी श्रावण लागून दोनच दिवस झाले होते. सोमवार होता. मालक देवळातून आले, कपाळाला भस्म, हातात बेलाची पानं. मी ओट्यावर गहू निवडत होते. ‘काय बाई, सुट्टी व्हय?’ असं त्यांनी मला अगदी स्वच्छ आवाजात विचारलं. चालणं सरळ, डोळे निवळ. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज आले. मला वाटलं, पाटा सरकवताहेत. आवाज थांबले, तरी मला दार वाजवायचं सुचलं नाही, कारण श्रावण होता.

दुपारी तू आलीस. कानाजवळ सुजलेलं, ओठ फुटलेला. मी सवयीने विचारलं, ‘ती आली होती का?’

तू माझ्या निवडलेल्या गव्हात बोटं फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, ‘न्हाई बाई. ती न्हाई आली. आज मालक एकटंच हुतं.’

मी आयुष्यात बरीच दुःखद वाक्यं वाचली आहेत. शिकवलीही आहेत, रसग्रहणासह. त्यातलं एकही या वाक्याच्या आसपास येत नाही.

भांडण कशावरून? भाताला मीठ कमी. तू सांगितलंस आणि वर म्हणालीस, ‘घड्याळ काडून ठेवलं की हो.’ आता त्यात कौतुक नव्हतं. मग डोळे पुसून तू जे बोललीस ते जणू आधीच ठरवून आली होतीस. ‘पंचमीला भाऊ न्यायला येनार हाय. जाते. परत येत न्हाई.’

‘नक्की?’

‘ती मारत हुती तवर ऱ्हायले. तिचं काय, ती कदी तरी सुटंल म्हनत हुते. आता कोन सुटायचं?’

मी तुला पुस्तकातलं काही सांगायला गेले नाही. शेंगदाण्याचा लाडू दिला. तू तो अर्धा खाल्लास, अर्धा पदराला बांधलास, ‘गाडीत खाईन’ म्हणून. आपलं भांडण तू असं एका वाक्यात मिटवलंस आणि जिंकल्याचा आनंद मला एक क्षणही झाला नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी भर दुपारी तू ट्रंक भरलीस. हे पोटात न ठेवता तू मालकांना सांगितलंस. माझी तुझ्याशी शेवटची तक्रार हीच आहे; न सांगता गेली असतीस तर? पण तू म्हणाली असतीस, मालकाला न सांगता कसं जायचं. या वेळी मी आवाज ओळखला. धावले, दार वाजवलं, भागूबाईला हाका मारल्या. दार उघडलं तेव्हा तू उंबऱ्यावर पडलेली होतीस आणि मालक बाजूला उभे होते. तोंडाला कसला वास नाही, तोल गेलेला नाही. घड्याळ खुंटीवर होतं. मी ते बघितलं, म्हणून सांगते.

सरकारी दवाखान्यात तू संध्याकाळी थोडी शुद्धीवर आलीस. हवालदार आले होते. ‘बाई, नवरा प्यालेला होता का?’ त्यांनी मोठ्याने विचारलं, जसं बहिऱ्याला विचारतात. तुझी मराठी तोवर निघून गेली होती; शेवटी माणसाकडे जी पहिली तीच उरते. तू हळू पण अगदी स्पष्ट म्हणालीस, ‘कुडदिद्दिल्ल. अवरऽ होडदरु.’

हवालदार म्हणाले, ‘बरळतायत.’ आणि निघून गेले.

मी पायाशी उभी होते. भाकरीतला खडा असेल, पण माझं कानडी तेवढं होतं. ‘होडीतु’ नाही. ‘होडदरु.’

तू दुसऱ्या दिवशी सकाळी गेलीस. तुझा भाऊ पंचमीला न्यायला आला होता, तो तुला घेऊनच गेला.

मालकांनी चौकीत सांगितलं की श्रावण मोडला, प्यालो होतो, काय झालं आठवत नाही, धक्का लागला असेल. हे वाक्य त्यांना पुढाऱ्यांनी शिकवलं की त्यांचं त्यांनाच सुचलं, मला माहीत नाही. पुढाऱ्यांनी जामीन दिला. बोळात लोक हळहळले: बिचारा, एवढा श्रावण पाळणारा, तिने शेवटी गाठलंच. व्रत मोडल्याचं पाप त्याने बिनदिक्कत कबूल केलं. न प्यालेली दारू माणूस डोक्यावर घेतो ती उगाच नाही. वर्षभर जी बोळात वाईट होती, ती आता वकिलासारखी त्याच्या बाजूने उभी होती.

काल तो हार बघून मी घरी आले. आज सकाळी शाळेत रजा कळवली आणि चौकीत गेले.

फौजदार तरुण होते, सभ्य होते. माझं ऐकून त्यांना आधी भलतंच वाटलं. ‘बाई, तो स्वतः म्हणतोय पिऊन होतो म्हणून. तुम्ही कशाला त्याची अब्रू सांभाळताय?’

‘अब्रू नाही सांभाळत. तो प्यालेला नव्हता, एवढंच सांगते.’

‘बाई गेली ती गेली. त्याने काय फरक पडतो?’

‘कर्ता बदलतो,’ मी म्हणाले.

शेवटच्या तासाला मुली बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण लिहायला घेतलं. मी गहू निवडतानाचा तो सोमवार सांगितला, उंबरा सांगितला, घड्याळ सांगितलं. मग दवाखान्यातलं तुझं वाक्य सांगितलं, आधी तुझ्या भाषेत, मग माझ्या. ‘प्यालेले नव्हते. त्यांनीच मारलं.’

त्यांची लेखणी थांबली. ‘त्यांनी? म्हणजे किती जण होते?’

गंगव्वा, तू असतीस तर तोंडावर पदर घेऊन हसली असतीस. तुझ्या त्या मानाने बघ काय घोटाळा केला. ‘एकच,’ मी म्हणाले. ‘नवरा.’

‘मग ‘त्याने’ लिहितो.’

मला तेच हवं होतं. कित्येक वर्षं मी तुझ्याकडून तेवढंच मागत होते. पण वाक्य तुझं होतं. ‘नको,’ मी म्हणाले. ‘ती ‘त्यांनी’ म्हणाली, तसंच लिहा. पुढे नाव लिहा, म्हणजे घोटाळा राहणार नाही.’

‘नाव तिने घेतलं होतं?’

‘तिने कधीच घेतलं नाही.’

‘मग तुम्ही सांगा.’

चौकीत हळदीकुंकू नव्हतं. भिंतीवर दारूबंदी सप्ताहाचं पत्रक होतं, टेबलावर थंड झालेला चहा होता. संक्रांतीला भागूबाईने तुझा हात कसा धरला होता ते मला आठवलं, आणि तू मान कशी हलवत राहिली होतीस तेही. आयुष्य कमी होतं म्हणतात. होवो. मी उखाणा जुळवला नाही, पदर सारखा केला नाही. तुझ्या वतीने, गंगव्वा, सरळ नाव घेतलं.

मल्लप्पा.